मराठीचा उपास

प्रिय दादा,

आज बुधवार. आई आत्ताच नारळ घेऊन दत्ताच्या देवळात गेली. तो नारळ माझ्या नावाचा आहे, म्हणून घाईघाईनं तुला लिहायला बसले. ती परत यायच्या आत हे पुरं व्हायला हवं. तुझं वर्षश्राद्ध झालं, तरी मी तुझ्याशी एकदाही धड बोलले नाही. रागच होता तुझ्यावर. अजून आहे.

उद्यापासून तुझा राहिलेला उपास मी धरायचा, असं आईनं ठरवलंय.

आठवतं ना, कसा धरला होतास तू तो? मॅट्रिकला बाकी सगळ्यात पास आणि एकट्या इंग्रजीत दांडी गुल! शेवगावहून निकाल घेऊन आलास तो घरी न येता थेट देवळात गेलास. लोक शनिवार धरतात, सोमवार धरतात, कुणी मीठ सोडतं, कुणी चप्पल सोडतं. तू गुरुवारी मराठी सोडलीस. इंग्रजी सुटेपर्यंत दर गुरुवारी अंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून मराठी शब्द काढणार नाही, असं देवासमोर बोलून आलास. असला उपास पंचक्रोशीत कुणी ऐकला नव्हता. आईला मात्र तो लगेच पटला. देवाला बोललं म्हणजे बोललं, मग ते खिचडीचं असो नाहीतर भाषेचं.

पहिल्या गुरुवारी तुझे काय हाल झाले होते! मीठ मागता आलं, पाणी मागता आलं, पण ठेच्याला काय म्हणतात ते येईना. तीन-चार शब्द जोडून काहीतरी सांगितलंस आणि आईनं तुझ्या पानात गूळ वाढला. कोरड्या भाकरीवर गूळ खाऊन उठलास. पण पुढच्या गुरुवारपर्यंत मिरची, लसूण, कुटणं, वाटणं, सगळे शब्द तोंडपाठ! भुकेनं शब्द पक्के होतात, असं तू मला शुक्रवारी मराठीत सांगितलंस. तुझ्यामुळे आईसुद्धा 'वाटर' आणि 'कम' म्हणायला शिकली. तात्या हसले की मिशीत हसायचे, ते त्या दिवसांत गुरुवारी हसायचे.

मलाही तू त्यात ओढलंस. शब्द एकटा ठेवायचा नाही, त्याला वाक्यात बसवायचा, हा तुझा नियम. आणि वाक्य घरातल्या, शेतातल्या वस्तूंचं. तू एका काळात म्हणायचंस, मी तेच दुसऱ्या काळात फिरवून म्हणायचं. द वेल इज डीप. द वेल वॉज डीप. दुष्काळाचं साल, पाऊस नाही, चारा नाही, आणि आपण दोघं विहिरीच्या काठावर बसून तिला भूतकाळात नेत होतो. एकदा नानाकाका म्हणाले, "आरं, तेवढं पाणी हाय असं म्हन की त्या इंग्रजीत, इथं तर काय दिसंना." तूही हसलास. मला ते तेव्हाच आवडलं नव्हतं.

दादा, त्या माघातल्या गुरुवारबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही. मी बोलते.

तात्या आणि नाना खाली विहीर आणखी खोल खोदत होते. तू वर यारीवर, दगडाच्या पाट्या ओढून घेत होतास. मी भाकरी घेऊन आले. दक्षिणेकडच्या मुरमाच्या कडेत पारव्यांची बिळं होती, आपण लहानपणापासून बघत आलेलो. तू तिकडे बघत मला म्हणालास, "द पिजन्स आर गोइंग." आणि मी काय केलं? रोजच्यासारखं फिरवून म्हटलं, "द पिजन्स वेअर गोइंग." तुझा चेहरा कसा झाला होता ते आजही दिसतं. पण मला काय कळणार होतं रे? गुरुवारी तू बोलायचास तो सगळा धडाच असायचा. सावध करायचं होतं तर आपल्या भाषेत करायचं होतंस.

मग कडेवरून खडे पडायला लागले. मोठे नाहीत, हरभऱ्याएवढे. तू यारी सोडून त्याच कडेला पळालास, कारण तिथूनच खालच्या माणसांना तू दिसायचास. पोटावर आडवा झालास आणि ओरडलास, "अप! कम अप!" खालून नाना नेहमीसारखे म्हणाले, "येस सर, येस सर!" तू पुन्हा ओरडलास. पुन्हा 'येस सर'. तात्यांच्या पहारीचा आवाज चालूच होता. ते खाली मिशीत हसत असणार, हे मला वर उभं राहूनही कळत होतं.

तू शब्द शोधत होतास, दादा. दरडीला काय म्हणतात, ते तुला येत नव्हतं. तुझे ओठ हलताना मी बघितले. विहिरीच्या काठावर आडवं पडून, खाली आपला बाप असताना, तू शब्द शोधत होतास!

आणि मग उपास मोडलास. "तात्या, दरड आली! वर या!"

पहार टाकल्याचा आवाज आला. दोघं उत्तरेकडच्या पायऱ्यांनी वर आले, नाना पुढे, तात्या मागे. तात्यांचा हात काठाला लागला तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू तिथं नव्हतास. ती कडही नव्हती.

आई म्हणते, उपास मोडला म्हणून तू गेलास. मी म्हणते, मोडलास म्हणून तात्या घरी आले. मोडायला उशीर केलास म्हणून तू गेलास. हे मी तिला कधी म्हणू शकले नाही. तिच्याकडे तुझं दुसरं काही उरलेलं नाही, तो उपास तेवढा आहे. त्यानंतर गाय गाभडली, नानांचा पाय सुजला तो उतरेना, पावसाळ्यात भरलेली विहीर पौषातच तळाला गेली. आई प्रत्येक वेळी देवळाच्या दिशेनं बघायची. परवा चुलीपुढे बसून एकदम म्हणाली, "शके, त्याचा उपास अर्धा ऱ्हायलाय. अर्धा उपास घर खातो बघ. तू मॅट्रिकला हायेस, तू पुरा कर."

मॅट्रिकला आहे, ते तुझ्यामुळेच. माझं नाव शाळेतून काढू नका, असं तू तात्यांना बजावलं होतंस. तुझ्या माघारी त्यांनी तो शब्द पाळला. मार्चात माझाही इंग्रजीचा पेपर आहे. काळ मला सगळे येतात, शब्द तुझ्यापेक्षा जास्त येतात. दरडीला काय म्हणतात ते सगळ्यात आधी पाठ केलं. मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, परीक्षेला येत नाही ते कशाला?

आता खरं सांगते, का लिहायला बसले ते. तात्या उद्या पुन्हा विहिरीत उतरणार आहेत. त्याच विहिरीत. पाण्याशिवाय इलाज नाही, हे मलाही कळतं. पाय सुजलेला असला तरी नाना यारीवर बसणार आहेत. काल संध्याकाळी तात्या माझ्याजवळ आले, बराच वेळ दावं वळत बसले आणि म्हणाले, "बेस्तरवारी तू काठावर ऱ्हा. तुजी नजर बारीक हाय. काय दिसलं तर हाक मार."

आईनं त्यांना उपासाचं सांगितलेलं नाही. तिला वाटतं, या वेळी उपास नीट पार पडला की विहीर कुणाला काही करणार नाही. एकीकडे आईनं तोंड बांधायचं ठरवलंय आणि दुसरीकडे तात्या त्याच तोंडावर भरवसा ठेवून खाली उतरणार आहेत.

आज सकाळी मी काठावर जाऊन आले. तुझ्या जागी नवी कड झाली आहे, आतून पोखरल्यासारखी. पावसाळ्यानंतर पारवे परत आले होते, मी रोज घुमणं ऐकायचे. आज बिळं रिकामी होती. बराच वेळ थांबले. एक खडा आपोआप सुटला आणि खाली पाण्यात पडला, तेवढाच आवाज. धावत येऊन तात्यांना सांगितलं, तर म्हणाले, "चरायला गेली आसतील पाखरं." आईकडे बघितलं, तर ती नारळाची शेंडी नीट करत होती.

दादा, तू हा उपास माझ्यासाठी ठेवून गेला नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्या तोंडचं शेवटचं बोलणं मराठी होतं आणि ते तू जाणूनबुजून बोललास. तुझा उपास अर्धा नाही राहिला. तू तो तिथंच सोडलास, तात्यांसाठी. हे आईला कुणीतरी सांगायला हवं. तिला ते सोसेल की नाही, कुणास ठाऊक.

फाटकाशी तिच्या बांगड्या वाजल्या. ती आली. आता तुला शब्द देते आणि थांबते. इंग्रजीचा पेपर मी सोडवीन, तुझ्या वाटणीचाही. पण उद्या अंघोळ झाल्याबरोबर चुलीपाशी जाऊन मोठ्यानं 'आई' अशी हाक मारीन, आणि हा उपास तिथंच मोडीन. मग तात्यांच्या आधी विहिरीवर जाईन. पारवे नसले, तर त्यांना उतरू देणार नाही. तरी उतरलेच, तर तुझ्यासारखी शब्द शोधत बसणार नाही. पहिला खडा सुटायच्या आत ओरडेन.

तुझी,
शकू