शेजारची रिकामी सीट

१८ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळ

शेजारची सीट रिकामी, तरी बेल्टचा लाल दिवा पेटतो आणि टिंगटिंग चालूच. आठवडाभर सहन केलं, आज गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक सीटखाली वाकला. "मॅडमजी, सेन्सर का प्लग ढीला है." तो घट्ट बसवून म्हणाला, "अब किसी को बिठा के देखना पड़ेगा. साथ में कोई नी आया?"

कोण येणार होतं? मीच बसते, तुम्ही चालवा, असं सांगितलं. हे गेल्यापासून गाडी मीच चालवते. त्या सीटवर कोणी बसलेलंच नाही.

बसले, लाल दिवा पेटला. बेल्ट लावला, विझला. झालं की काम! पण त्याने राजवाड्यापर्यंत चक्कर मारली, आणि वाटभर सासूची तक्रार. "मेरे बनाए पोहे में भी मीन-मेख निकालती है!" एरवी असल्या बडबड्याला मी तिथल्या तिथे गप्प करते. आज केलं नाही. का?

गॅरेजपाशी परतल्यावर म्हणाला, "एकदम ओके है, मॅडमजी."

दिवा विझलेला मलाही दिसत होता. तरी आवाज चढवून म्हटलं, "मुझे भरोसा नहीं. एक चक्कर और लगाओ."