पाठ केलेला निबंध

८ जानेवारी

इंग्रजीच्या परीक्षेत परत नापास. रायटिंगमध्येच. म्हणजे नर्सिंगचं लायसन्स पुन्हा लांबलं. नागपूरला वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते मी. इथे कॅल्गरीत ग्रोसरीच्या डेलीत, तयार मांसाच्या काउंटरवर, हॅम कापते. देवेश म्हणाला, "पुढच्या वेळी होईल गं." नवऱ्याचं हे वाक्य मला आता तोंडपाठ आहे.

१५ जानेवारी

शिकवणी लावली. मेबल टीचर, मूळच्या वसईच्या, टोरांटोहून फोनवर शिकवतात. पेपरात काय लिहिलं ते सांगितलं. विषय होता गर्दी, मला प्रदूषण पाठ होतं, तेच वळवून घातलं. "तपासणाऱ्यांना कळतं गं बाई!" म्हणाल्या. शाळेत आम्ही निबंध पाठच करायचो. निबंधाचं दुसरं काय करतात?

२ फेब्रुवारी

व्हर्बल्स. मराठीतली धातुसाधितं आठव, म्हणाल्या टीचर. मूळचं क्रियापद, पण वाक्यात त्याला क्रियापदाचं काम नाही. ओळखीचंच वाटलं मला ते.

एन्जॉयनंतर आयएनजी, वाँटनंतर टू. पोळ्या लाटताना पाढ्यांसारखं घोकते. केया हसते. "आई, जस्ट से इट. यू कॅन हिअर इफ इट्स राँग." लेकीला चुकीचं ऐकू येतं. मला दोन्ही बरोबरच वाटतात, हीच तर बोंब आहे.

१९ फेब्रुवारी

उणे अठ्ठावीस. अभ्यास नाही. रडले, झोपले.

७ मार्च

परीक्षा झाली. विषय — म्हाताऱ्यांची काळजी कोणी घ्यावी. पाठ केलेलं काहीच बसेना. मग आमच्या वॉर्डातल्या एका आजोबांचं लिहिलं. जेवायला नाही म्हणायचे, मी भरवलं की खायचे. रिफ्यूज्ड टू ईट — त्यात टू घातला की नाही, आठवत नाही. सगळं पाण्यात गेलं असणार.

घरी येताना वाटलं, किती वर्षांत कुणाची नाडी धरली नाही मी.

२१ मार्च

पास. रायटिंगमध्येसुद्धा! मेबल टीचर "प्रेज द लॉर्ड" म्हणाल्या. देवेशनं शिरा केला. गुठळ्या झाल्या होत्या, तरी सगळा संपवला.

२४ मार्च

लायसन्सवाल्यांचं उत्तर आलं. इंग्रजी पुरेसं आहे. पण नर्सिंग सुटून पाच वर्षं झाली, ती जुनी नोकरी आता धरत नाहीत. पुन्हा कॉलेज, पहिल्यापासून.

ही अट मी इथे आले तेव्हाच वाचली होती. हसले होते. इंग्रजी शिकायला पाच वर्षं कशाला लागतील!