कपाटाखालच्या बाईसाहेब

४ मार्च
पकडली! उजव्या हातावर सात ओरखडे, डाव्यावर चार. शर्टाची बाही कामातून गेली. तीन दिवस जिन्याखाली वाकून वाकून कंबर धरली. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून पिंजरा आणला, आत माशाचं डोकं ठेवलं, तेव्हा साधलं. घरी येऊन पिंजरा उघडला, तशी सुटली ती थेट बेडरूममधल्या कपाटाखाली. अजून तिथेच आहे.

बायको शेवटच्या आठवड्यात फार बोलतच नव्हती. एकदा डोळे उघडून म्हणाली, "जिन्याखालच्या मांजरीचं बघा हं." बस्स. स्वतःची काळजी घ्या, मुलीकडे लक्ष द्या — काही नाही! सव्वीस वर्षांचा संसार, आणि शेवटी नंबर लागला मांजरीचा. बघतो म्हटलं होतं. परवापासून जिना रंगवणार, खालची खोकी फेकणार, म्हणून आजच बघितलं.

ती रोज संध्याकाळी बशी घेऊन खाली जायची. मी तेव्हा कामावर. कधी पाहिलं नाही. पण जिन्याखाली ही एकच करडी मांजर दिसते. तीच असणार.

५ मार्च
खाल्लं नाही. पाण्याला तोंड लावलं नाही. वाळूचा टब कोरडा. माझी डावी चप्पल मात्र कोरडी नाही.

६ मार्च
डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, घाबरलीये हो ती. ती एकच खोली तिला द्या. रोज अर्धा तास तिथे फरशीवर बसायचं. तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, काही करायचं नाही."

जमेल म्हटलं. लग्न झाल्यापासून बायकोची माझ्याबद्दल हीच तक्रार होती.

मग म्हणाल्या, "आणि काकूंचा एखादा न धुतलेला कपडा ठेवा तिच्याजवळ. ओळखीचा वास आला की धीर येतो."

न धुतलेला! मी बावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाई विभागात आहे. बायको गेली त्याच्या चौथ्या दिवशी घरातलं झाडून सगळं मी धुऊन काढलं. तिचे कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, पायपुसणीसुद्धा. साठ अंशांवर. कोणी सांगितलं नव्हतं. वॉर्डातून कोणी गेलं की त्या खाटेचं सगळं आमच्याकडे येतं आणि आम्ही धुतो. हाताला तेवढंच कळतं. मुलगी आली, कपाट उघडून उभी राहिली. "बाबा, आईचा वास असलेलं काहीच ठेवलं नाहीत?"

ठेवलं होतं. एक गाऊन. प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. तिला सांगितलं नाही.

७ मार्च
पिशवी सोडली. गाऊन कपाटापाशी अंथरला. बाईसाहेब फिसकारल्या. म्हटलं, ओळख पटली वाटतं.

९ मार्च
दोन दिवस अर्धा-अर्धा तास बसलो. माझे पाय झोपतात, ती जागीच. गाऊन पुढे सरकवला की ती मागे. आता भिंतीत शिरायची तेवढी बाकी आहे.

१० मार्च
मी खोलीबाहेर गेलो की थोडं खाते. म्हणजे तिची हरकत मला आहे, जेवणाला नाही.

१३ मार्च
तळमजल्यावरच्या शिंपीणबाई बाही जोडलेला शर्ट द्यायला वर आल्या. "बघू तरी वहिनींची मांजर," म्हणून खोलीत वाकून बघितलं आणि तिथेच फतकल मारून हसायला लागल्या.

"अहो भाऊ, ही कुठली धरून आणलीत? वहिनींची पांढऱ्या पायांची! ही तर चोरटी. तिच्या बशीतलं पळवायची. वहिनी हिला झाडूनं हाणायच्या. एकदा तर भरली बादली ओतली अंगावर!"

"मग ती कुठे आहे?"

"पांढऱ्या पायांची? मागच्या गल्लीतल्या बेकरीत. वहिनी इस्पितळात गेल्या त्याच आठवड्यात तिनं घर बदललं. फुगलीये नुसती!"

त्या गेल्यावर हिशेब केला. सहा दिवस मी या मांजरीच्या उशाशी तिच्या वैरिणीचा गाऊन अंथरतोय. झाडू तेवढा ठेवायचा राहिला.

१४ मार्च
बेकरीत जाऊन आलो. आहे. पांढरे पाय, पोट लोळतंय. मैद्याच्या पोत्यावर बसून माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली. दुखवटा वगैरे काही नाही. बेकरीवाला म्हणाला, "नेताय का?" नको म्हटलं. तिचं बघून झालं.

१५ मार्च
मुलीला फोनवर सांगितलं. आधी हसली, मग म्हणाली, "मग हिला द्या ना सोडून."

कुठे सोडू? जिना रंगवून झाला. खोकी गेली. तिचं होतं नव्हतं ते घर माझ्या शहाणपणापायी गेलं.

डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. त्यांना हसू आवरेना. "काका, तो गाऊन आधी काढा तिथून! धुऊनच टाका."

हो म्हटलं.

१६ मार्च
गाऊन उचलला. पिशवीत घालण्याआधी हुंगला. काहीच नाही. पुन्हा हुंगला — गळ्यापाशी, बाह्यांत, शिवणीत. धूळ. थोडा मासा. नऊ दिवस उघडा टाकल्यावर दुसरं काय होणार? मीच केलं. खाली बसलो.

हातातला गाऊन कपाटाच्या बाजूला कलला. तशी ती आतून फिसकारली.

म्हणजे वास आहे! मला येत नाही. तिला येतो.

१७ मार्च
कामावर निघण्याआधी गाऊन कपाटाखाली धरला. फिसकारली. अजून आहे.

१८ मार्च
सकाळी धरला. आहे. दुपारी धरला. आहे. दिवसभर बरं वाटलं. मशीनवरचा गडी म्हणाला, "साहेब आज शीळ घालतायत!"

१९ मार्च
सकाळी धरला. फिसकारली नाही. माझा जीवच गेला. आणखी आत नेला, अगदी नाकाशी. तेव्हा फिसकारली — आणि बसल्या जागी तिची लघवी झाली. कालचं सगळं अन्न बशीत तसंच. पंधरा दिवसांत हाडं वर आलीत.

फडक्यानं पुसून घेतलं. ती कोपऱ्यात थरथरत होती. तिच्याकडे बघायचं नसतं. बघितलं.

मेलेल्या बाईची हजेरी घ्यायला मी एका जिवंत जिवाला रोज घाबरवतोय. बायकोनं पाहिलं असतं तर झाडू माझ्याच पाठीत घातला असता.

२० मार्च
गाऊन कामावर नेला. मशीनवरचा गडी म्हणाला, "अख्ख्या मशीनला एक गाऊन? साहेब, चादरी टाकू का सोबत?"

"नको. एकटाच जाऊ दे."

साठ अंश. पंचेचाळीस मिनिटं. काचेपाशी उभा राहिलो. एरवी कधी बघत नाही. निळा होता, फेसात फिरताना पांढराच दिसतो. गड्यानं स्टूल आणून ठेवलं माझ्यामागे.

२१ मार्च
वाळलेला गाऊन कपाटाखाली धरला. आली. बराच वेळ हुंगलं. फिसकारली नाही. त्याच्यावर बसली.