कॅसरोल म्हणजे डबा नव्हे

२६ डिसेंबर

आज माझी चांगलीच शोभा झाली. नवरा सकाळी म्हणाला होता, एकतीसला त्याची ताई, म्हणजे माझ्या वन्सं, जेवायला येणार. वर्षअखेरच्या जेवणाला आमच्याकडे पूर्वापार कॅसरोल असतो, तो या वर्षी तू बघ. मी बघितला! दुकानातून सुटल्यावर भांड्यांच्या गल्लीत जाऊन, घासाघीस करून आणला — मोठा, आतून स्टीलचा, घट्ट झाकणाचा, जेवण गरम ठेवणारा. टेबलावर ठेवला तर नवऱ्याला हसू आवरेना. शेवटी लेकीने समजावलं, अगदी हळू आवाजात.

"तो डबा नव्हे. पदार्थ असतो, भाज्यांचा, ओव्हनमध्ये भाजतात. तुम्हाला माहीत नसणार, साहजिक आहे."

साहजिक! तेरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी हा शब्द. बापासारखी खो-खो हसली असती तर बरं वाटलं असतं.

२७ डिसेंबर

लेक म्हणजे नवऱ्याची. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली, मी या जूनमध्ये लग्न करून आले. पोर गुणी आहे. उलट उत्तर नाही, आदळआपट नाही. पण सगळं 'तुम्ही'. तुम्ही बसा, तुम्ही घ्या, तुम्ही दमला असाल. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर गिऱ्हाइकांचं 'तुम्ही' ऐकते, त्याचा पगार तरी मिळतो! बापाला अरे, आत्याला अगं, शेजारच्या आजींनासुद्धा अगं. मला एकटीला अहो-जाहो. हाक मारायची वेळ आलीच तर 'ऐकलंत का' म्हणते. मी काय तिचा नवरा आहे?

मला ती फार आवडते. मला तिचं 'तू' हवंय. पण मागायची सोय नाही — मागितलं तर लगेच देईल, गृहपाठ केल्यासारखं.

२८ डिसेंबर

रंगीत तालीम. वन्संनी फोनवर कृती सांगितली. बटाटा, गाजर, फरसबी, फ्लॉवर अर्धवट उकडायचं, थर लावायचे, वर पांढरा सॉस आणि चीज. सॉस म्हणजे लोणी, मैदा, दूध, बस. माझ्या सॉसमधल्या गुठळ्या नग मोजून वाढता आल्या असत्या. नवरा 'मस्त' म्हणाला आणि पाव शोधायला लागला. लेकीने निम्मं संपवलं.

"छान झालंय. तुम्ही उगाच एवढा त्रास घेतलात."

परक्याच्या घरी जेवून उठताना बोलतात तसं. जीव इवलासा झाला माझा.

२९ डिसेंबर

आज फ्लॉवरच मिळाला नाही. कोबी चालेल का, विचारलं. वन्संनी फोनवर "कोबी?" एवढंच विचारलं. म्हणजे नाही.

३० डिसेंबर

फ्लॉवर मिळाला. सॉस करून ठेवायला घेतला तर पुन्हा गुठळ्या! डोकंच फिरलं. ओट्यावर डाव आपटून त्या सॉसच्या सात पिढ्या उद्धरल्या. वळून बघते तर दारात लेक. सगळं ऐकलेलं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती हसत होती, पोट धरून. मग आत आली, गॅस बंद केला, चाळणी काढली. "गाळा ना तुम्ही." तिची आईही गाळायची म्हणे. आत्याला हे माहीत नाही, सांगू नका.

चीज किसायला बसली ती निम्मं खाऊनच उठली. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

३१ डिसेंबर, संध्याकाळ

भांडं ओव्हनमध्ये. वरून छान रंग धरतोय. वन्संची गाडी आली!

३१ डिसेंबर, जेवणं उरकल्यावर

फसला! मीठच घातलं नव्हतं. वन्सं 'वेगळी चव आहे हं' म्हणत गिळत होत्या, नवरा घासागणिक पाणी पीत होता. लेकीने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला.

"अगं, मीठ कुठे घातलंयस तू?"

वन्संनी डोळे वटारले. मोठ्यांशी नीट बोल म्हणाल्या. तिला कळेचना आपलं काय चुकलं.

मी मीठ आणायला आत पळाले. बरणी समोर होती, पण डोळे भरून आले होते, दिसेना. बाहेरून लेक पुन्हा ओरडली, "आणतेयस ना?"