आईंचा आवाज

शनिवार, संध्याकाळ. हुडको कॉलनी.

आज मी आईंच्या आवाजावर ‘कर्कश’ असा शिक्का मारला. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

काम घरूनच असतं. दोन आवाज ऐकायचे, कोणता गोड, कोणता कर्कश ते नोंदवायचं. त्यावरून कम्प्युटर आवाज पारखायला शिकतो. वयस्क बायांचे आवाज हवे होते, म्हणून मागच्या आठवड्यात मी आईंनाच बोलायला बसवून रेकॉर्डिंग केलं होतं. आज नेमका त्यांचाच आवाज माझ्यापुढे आला. ओळखीचा आवाज सोडून द्यायचा, असा नियम आहे. पण सकाळी त्यांनी पाहुण्यांसमोर माझ्या भाजीला नावं ठेवली होती. मी त्यांचं पहिलं वाक्यही संपू दिलं नाही. बटण दाबलं.

तेवढ्यात त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "माहाच आवाज होय ना? काय लिवलं व?"

"गोड लिहिलं," मी म्हणाले.

पाच मिनिटांत कुंपणापाशी शेजारच्या भाभीला सांगून राहिल्या होत्या, "कम्प्यूटर ने मेरी आवाज को मीठी बोला. बहू ने खुद बताया."

मग मी त्यांचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. थोडा घोगरा आहे, बस. कर्कश कुठे? निदान पहिलं वाक्य तरी संपू द्यायचं! नोंद आता बदलता येत नाही.

जेवताना म्हणाल्या, "पोरी, उद्या अजून घेजो माहा आवाज. खडीसाखर चघळून बोलीन."

मी हो म्हटलं. वर पाहवलं नाही.