परसातल्या गवतावरचा डाग

प्रिय अप्पा,

रागावून लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या गवतातल्या पिवळ्या डागाखाली काय आहे ते आज दुपारी मला सापडलं. ज्याला जाब विचारायचा तो माणूस चैत्रातच निघून गेला, मग पत्राशिवाय उपाय काय?

तुमचं ते गवत! सरकार सांगत होतं धान्य पिकवा, अख्खं कुंभकोणम् परसात केळी लावत होतं, आणि तुम्ही शेतकी खात्यातल्या साहेबाच्या बंगल्यावरची हिरवळ डोक्यात घेऊन घरी आलात. शेजारच्या मामी विचारायच्या, गाय नाही तर हे खाणार कोण? "आम्ही बघूं," म्हणायचात. हरळीच ती, त्यामुळे आईला गणपतीच्या दूर्वा घरीच मिळायच्या, म्हणून ती गप्प.

ज्येष्ठात डाग पडला. आधी बशीएवढा, मग ताटाएवढा, आता आषाढात सुपाएवढा. अगदी वाटोळा. कुणाची तरी सुटलेली गाय परसात शिरली, सगळीकडे तोंड घातलं, डागाच्या कडेशी येऊन थांबली आणि मागे सरली. मी हसलो. आई हसली नाही.

ती रोज भर दुपारी तांब्या घेऊन तिथे जाते आणि डागावर पाणी ओतते. ओतताना बोलते. मधेच थांबते, समोरच्याचं ऐकून घ्यावं तशी, आणि मान डोलावते. अप्पा, तिचं जेवण दोन घासांवर आलंय. पोलकं अंगावर लोंबायला लागलंय!

म्हटलं, गवताचा रोग शोधून दाखवला की तिच्या डोक्यातलं खूळ जाईल. तुमची गवताच्या नोंदींची वही काढली आणि तुम्ही शिकवलंत तसंच केलं. मूठभर गवत धरून ओढलं. मुळं अळीने खाल्ली असती तर अलगद उचललं गेलं असतं. घट्ट होतं. पाती उन्हात धरून पाहिली. ना ठिपका, ना बुरशी. कुत्र्याच्या मुताचा डाग म्हणावा तर भोवती गर्द हिरवी कड हवी, तीही नाही. खालची जुनी पाती आधी पिवळी पडली असतील तर गवत उपाशी, म्हणून पेंड भिजवून घातली. डाग वाढलाच. दर वेळी आई पायरीवर बसून बघत होती.

वहीत शेवटी तुम्ही लिहिलंय, गवत पिवळं पडलं तर गवताला विचारू नये, खाली बघावं. आज छत्रीची काडी खुपसून पाहिली. सगळीकडे वीतभर आत गेली. डागाच्या मध्यावर चार बोटांवर अडली.

हाताने उकरलं. तळहाताएवढा दगड निघाला, दर्भाची गाठ अजून तशीच!

गेलेल्याचा जीव ज्यात धरतात तो जीवखडा आपल्या मराठी लोकांत एकच. पण इथले तमिळ भटजी, वाध्यार, नदीकाठी एक आणि घरी परसात एक असे दोन दगड पुरवतात, दहा दिवस दोन्हींवर तीळपाणी. आपण दोन्हीकडच्या रीती पाळणार, आणि त्यात अशी एखादी अर्धी राहणार! दहाव्या दिवशी नदीकाठचा मी कावेरीत सोडला. घरचा वाध्यारांनी काढला असेल असं मी धरून चाललो. कर्ता मी होतो, अप्पा. मला दोन दगड सांभाळता आले नाहीत.

"काय काढूलालास रे?" आई पाठीशी उभी होती.

"आई, हा राहिला. वाध्यारांनी नेला म्हणून मज वाटलं."

"मज ठाऊक आहे. दहाव्या दिवशी मींच त्यावर माती ओढली. अस्क्यांस, तुज देखील, वाटलं झालं. मी बोललें नाही. राहूं देत म्हटलं अजून चार दिवस."

"मग आतां?"

"आतां सोडून ये. गवत वाळूलालं. त्यांस खपायचं नाही."

दगड तापतो, मुळं खाली जात नाहीत, हे मला कळतं. पण एवढ्याशा दगडाने सुपाएवढा डाग? वहीत याचं उत्तर नाही. आणि खरं सांगा, हयात असताना कधी एक दुपार तिच्याशी बोलत बसलात? तेव्हा तुम्हाला गवतापुढे वेळ नव्हता!

उद्या सकाळी जातो. कावेरीला धरणाचं नवं पाणी आलंय, घाटाच्या निम्म्या पायऱ्या बुडाल्यात. आईही येणार म्हणते, स्वतःच्या हाताने सोडणार म्हणते. संध्याकाळी तिने कोठीच्या किल्ल्या माझ्या बायकोच्या हातात दिल्या. का, ते विचारायचा मला धीर झाला नाही. आज ती पोटभर जेवली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

खळगा मातीने भरून हरळी लावीन, गवत पुन्हा हिरवं करीन, ते माझ्याकडे लागलं. आईचा हात धरून पाण्यात उतरेन आणि हात धरूनच तिला घरी आणीन, हे माझं वचन. तुम्ही सुखाने पुढे जा, अप्पा. फक्त उद्या, त्या पायरीवर, तिला हाक मारू नका.

तुमचा,
व्यंकू