अकरा नंबरची खोली आणि गार स्टोव्ह

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा कुलपे दुरुस्त करणे. उद्या पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल होत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. ज्यांचा तसा विचार दिसतो त्यांचा उल्लेख पुढे येईल.

१. खोली. युद्धात घरे पडलेल्यांसाठी या पत्र्याच्या खोल्या दोन वर्षांपुरत्या बांधल्या. युद्ध संपले, आईवडील गेले, पत्रे तेच आहेत. खोली सरकारची, ताबा माझा. तो ताईला मिळावा. ती गिरणीच्या वसतिगृहात दुसऱ्या बाईबरोबर पाळीने एक खाट वापरते. महिनाअखेरीपर्यंत तिला सुट्टी नाही.

२. स्टोव्ह ताईला. तो विकू नये. वसाहतीचा शिपाई न सांगता येतो आणि स्टोव्हला हात लावून पाहतो. लागोपाठ दोन फेऱ्यांना गार लागला, तर खोली रिकामी धरून दुसऱ्याला देतात.

३. कानशी, पकडी, सुट्या किल्ल्या ताईला. पलीकडच्या रांगेतला सुतार पकड आपली आहे म्हणेल. ती त्याची नाही.

४. शेजारच्या शिंपीणकाकूंना काहीही मिळू नये. त्यांचे तीन मुलगे एका खोलीत झोपतात, तेव्हा डोळा कुठे आहे हे उघड आहे. मधली फळ्यांची भिंत त्यांनी नव्याने ठोकून घेतली, ती चार बोटे माझ्याकडे सरकली. विचारले तर म्हणाल्या, लाकूड फुगतं. मागच्या खेपेला दवाखान्यातून आलो तर माझा स्टोव्ह कोमट होता. काकूंना किल्ली म्हणे माझ्या आईनेच दिली होती. मी त्याच दिवशी कुलूप बदलले. डब्यातले रॉकेल मात्र कमी झाले नव्हते, याचा उलगडा झालेला नाही.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलाच्या कारकुनाने सांगितले. म्हणून मुद्दाम काकूंनाच साक्षीदार केले आणि कलम चार वाचून दाखवले. त्या मशीनवरून न उठता म्हणाल्या, "आण इकडे, करते सही. आणि नव्या कुलपाची किल्ली दे. मागे शिपाई दोनदा येऊन गेला, माझं रॉकेल घालून पेटवत होते. आता बाहेरून फुंकर मारू का रे, कुलप्या?"

६. हे कलम सहीच्या आधी वाढवले. किल्ली दिली आहे, एकच, ताई येईपर्यंत. भिंत आज जिथे आहे तिथे जमिनीवर खिळ्याने रेघ ओढली आहे, ती ताईने पाहावी.

स्थळ : माझी खोली. दिनांक : ऑपरेशनचा आदला दिवस.

सही : अकरा नंबरवाला, कुलूपवाला

साक्षीदार :
नळ दुरुस्त करणारे आजोबा, खोली नऊ
शिंपीण, खोली बारा. किल्ली मिळाली. रेघ पाहिली.